तुरीच्या मुलखातून तुरीसाठी रंगूनला

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं नाव शिवलिंगअप्पा. राहणार उदगीर, धंदा डाळमिल, माझे सख्खे चुलते. अन्याय झाला तो दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, पौषातल्या एका सोमवारी सकाळी, ते गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले असताना. ठिकाण रंगून शहर, हॉटेलचा तिसरा मजला. अन्याय केला सफाईवाल्या बाईने. अप्पांनी आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवलेल्या टबाचं बूच तिने उपटलं आणि सगळं पाणी सोडून दिलं.

पूजेत मधेच बोलायचं नसतं. त्यामुळे टबभर पाणी घळाघळा जातानाचा आवाज अप्पांनी मिटल्या डोळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला. पूजा झाल्यावर ते माझ्या खोलीच्या दाराशी आले.

"नंदा, त्या बाईनं सगळं पानी सोडून दिलं. आन वर हसली."

ती हसली असेल तर तिला दोष देता येत नाही. टबाशिवाय अप्पांनी चहाची किटली, बर्फाचं भांडं, दोन्ही ग्लास, धुऊन घेतलेली कचऱ्याची टोपली आणि कपडे धुवायला द्यायची प्लास्टिकची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. पिशवी खुंटीला टांगलेली होती.

"अप्पा, इथं नळाला दिवसरात्र पाणी असतं," मी म्हणाले.

"आज हाय. उद्याचं कोन सांगावं?"

यापुढे मी वाद घातला नाही, कारण माझाही टब भरलेला होता. आमच्याकडे नळ सुटला की हातातला घास ठेवून माणूस हंड्याकडे पळतो. लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा त्या गाडीचे फोटो देशभर झळकले. उदगीरला टँकर येतो, तोही लातूरच्या कचेरीत सही झाली तर. कारण उदगीर जिल्हा अजून झालेला नाही. तो व्हावा म्हणून मी पत्रकं लिहिते, वाटते, आणि जो ती वाचत नाही त्याला वाचून दाखवते.

आता परदेशी कशाला गेलो ते सांगते. उदगीरच्या माणसाला तूर आणायला समुद्रापलीकडे जावं लागतं, हीच मुळात निषेधाची गोष्ट आहे. आमच्याकडे पाहुणा आला की वरण, बारसं असलं की घुगऱ्या, म्हणजे उकडून फोडणी दिलेली अख्खी तूर. पण लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, तूर येईना. मोठ्या मिलवाल्यांनी बाहेरून जहाजं मागवली. अप्पांची मिल लहान. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, त्यानंतर पट्टा फिरला नाही. डाळ निवडणाऱ्या बायका सकाळी येऊन ओट्यावर बसत, कुलपाकडे बघत आणि उठून घरी जात. यंत्रं विकत घ्यायला लातूरचा एक गृहस्थ दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता.

"एक कंटेनर तूर गावली तर मिल चालू ऱ्हाईल," अप्पा म्हणाले. "त्याला शिवरात्रीला ये म्हनून सांगितलंय. न्हाई गावली तर नेऊ दे यंत्रं."

घरात इंग्रजी येणारी मी एकटी. शिवाय काकूंचं म्हणणं पडलं, "ती तशी बी गावभर भांडलालीय. आता तिकडं भांडू दे."

रविवार. विमानतळ आणि चहा

हैदराबाद आणि कलकत्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दोन्हीकडे आम्ही फक्त खुर्च्या पाहिल्या.

रंगूनला उतरल्यावर एका कागदावर पत्ता लिहायचा होता. मी लिहिलं, मुक्काम उदगीर, जिल्हा उदगीर. पासपोर्टवर जिल्हा लातूर. काउंटरमागच्या बाईने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला मागणीची पार्श्वभूमी सांगितली. एका दाखल्यासाठी माणसाचा दिवस कसा जातो, एसटी कशी चुकते, साहेब कसे मीटिंगला असतात. तिने वरच्या साहेबाला बोलावलं. त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. साहेब सभ्य होता. त्याने विचारलं, "म्हणजे हा जिल्हा सध्या नाही?"

"सरकारदरबारी नाही," मी म्हणाले.

मागे रांग वाढत चालली होती. अप्पांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. "माय, लातूर लिही. रंगूनचं सरकार तुला जिल्हा देनार हाय का?"

मी लातूर लिहिलं आणि पुढे 'तात्पुरता' असं लिहिलं. ते चाललं.

मग अप्पांची पाळी आली. मला धास्ती होती ती त्यांच्या पिशवीतल्या विभूतीच्या वड्यांची. पण त्या बाईच्या दोन्ही गालांवर कसल्याशा सालीचा पिवळट लेप होता. तिकडे बायका तो रोज लावतात, आपल्याकडे चंदन लावावं तसा. तिने अप्पांच्या कपाळावरचे तीन पांढरे पट्टे पाहिले. अप्पांनी तिचे गाल पाहिले. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही आणि शिक्का बसला.

बाहेर नरसय्या उभा होता. तुरीचा दलाल. त्याचा पणजोबा आंध्राच्या किनाऱ्यावरून तिकडे गेला आणि परत आलाच नाही. नरसय्या हिंदी बोलतो, बर्मी बोलतो, आणि अप्पांशी तेलुगू बोलतो. अप्पांचं तेलुगू देगलूरच्या बाजारातलं आहे, त्यात भाव आणि शिव्या एवढंच येतं. तरी दोघांचं गाडीत बसल्यापासून जमलं, आणि इंग्रजीसाठी आणलेली मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

बाहेर बघण्यासारखं होतं. सगळे पुरुष लुंगीत. कचेरीतले, दुकानातले, म्हातारे, कॉलेजातले. अप्पांचं धोतर पहिल्यांदाच कुठेतरी रीतसर पोशाख वाटत होतं. "हितं पँटीला कुनी इचारत न्हाई," ते समाधानाने म्हणाले. फुटपाथवर ठिकठिकाणी झाकण घातलेले मातीचे माठ ठेवलेले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यावं म्हणून. गाडीतून उतरल्यावर अप्पा एकापाशी थांबले, पाणी प्यायले, आणि माठाच्या मागच्या बाजूला जाऊन आले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"फोटो कुठं हाय, पुढाऱ्याचा?"

फोटो नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणपोईवर आधी फोटो येतो, मग माठ येतो, आणि पाणी येईपर्यंत मृग लागतो.

चहाच्या दुकानात एवढाले बुटके प्लास्टिकचे स्टूल. अप्पा बसले ते जवळजवळ जमिनीवरच. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या एका भारदस्त माणसाने ओठांचा चंबू करून चक्क पापा घेतल्यासारखा आवाज काढला. मी त्याच्याकडे रागाने वळले. बाईमाणसासमोर हा काय प्रकार, हे वाक्य इंग्रजीत तयारही झालं होतं. इतक्यात दुसऱ्या कोपऱ्यातून तसाच आवाज आला. मग तिसऱ्या. नरसय्या म्हणाला, "वेटर को बुलाते हैं, बेटी. यहाँ ऐसेच बुलाते."

अप्पांचा चेहरा उजळला. बैलाला पाण्यावर न्यायचं असलं की आमच्याकडे असंच चुचकारतात. त्यांनी एक असा आवाज काढला की दोन वेटर धावत आले आणि भारदस्त माणसाने स्टुलासकट वळून पाहिलं. त्यानंतर अप्पांनी गरज नसताना दोनदा चहा मागवला. सोबत मऊ नान आणि वर शिजवलेले मोड आलेले वाटाणे, तेल आणि परतलेला कांदा घातलेले. म्हणजे उसळच. काळं तिखट तेवढं नव्हतं. ते आमच्याजवळ होतं.

सोमवार. उपास

सकाळचा अन्याय वर सांगितलाच आहे. दुपारचा आमच्याकडून झाला.

तूर ज्यांची होती त्या व्यापाऱ्याचं नाव दॉ म्या. 'दॉ' म्हणजे आपल्याकडे मोठ्या बाईला मावशी म्हणतो तसं. अप्पांना वाटत होतं दॉ म्या हा बाप्या असणार. दारात एक साठीची, ताठ, अंबाड्यात फूल खोचलेली बाई उभी राहिली तेव्हा ते नरसय्याला म्हणाले, "हिचा मालक कुठं हाय?" नरसय्याने ते भाषांतर गिळलं. त्याबद्दल मी अजून त्याची ऋणी आहे.

दॉ म्याने मोठं गोल टेबल भरवलं होतं. मासे, कोंबडी, कोलंबी, आणि प्रत्येक भाजीला माशाचंच पाणी. टेबलाला मुंबईचा एक एजंटही होता, इस्त्रीचा शर्ट, मराठी माणूस, मोठमोठ्या गिरण्यांसाठी जहाजभर माल उचलणारा.

"कुठून आलात?"

"उदगीर."

"उदगीर म्हणजे लातूरकडे ना?"

"लातूर आमच्याकडे आहे," मी म्हणाले. अप्पांनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

दॉ म्याने स्वतःच्या हाताने अप्पांच्या ताटात वाढलं. तिकडे मोठ्यांनी मान द्यायची ती रीत आहे. अप्पांनी हात जोडले. सोमवार. महादेवाचा उपास. दिवसभर काही नाही, संध्याकाळी सोडायचा. नरसय्याने समजावलं, पण दॉ म्याचा चेहरा उतरला. माझं अन्न न खाणारा माणूस माझ्याशी सौदा काय करणार, असं ती म्हणाल्याचं नरसय्याने आम्हाला नंतर सांगितलं. एजंट मात्र कोलंबी सोलत होता आणि फार खुश होता.

जेवणानंतर गोदाम. पोत्यांची थप्पी छपरापर्यंत. अप्पांनी एका पोत्यात हात घातला, मूठभर तूर तळहातावर झुलवली, एक दाणा दाताखाली धरून फोडला. दाणा वाजला. त्यांनी डोळे मिटले. दोन वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असं मी काही पाहिलं नव्हतं.

"इचार त्यांना," ते नरसय्याला म्हणाले, "घरी कशी करतेत? वरन का घुगऱ्या?"

दॉ म्या हसली. नरसय्या म्हणाला, "ये लोग तुअर नहीं खाते, अप्पाजी. उगाते हैं, बेचते हैं. इंडिया खाता है."

"कंदीच न्हाई?"

"जिंदगी में नहीं."

अप्पा पोत्यावर बसले. जिच्याकडे छपरापर्यंत तूर आहे तिने ती कधी तोंडात घातली नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मला म्हणाले, "नंदा, चव ठावं नसलेल्या मानसाशी भाव काय करावा?"

तरी भाव विचारला. उत्तर आलं, लहान गिऱ्हाइकाला माल फोडत नाही. एजंट जहाजभर घेतो आहे, त्याला देणार. उद्या सकाळी तो पक्कं करील.

म्हणजे शिवरात्रीला यंत्रं न्यायला टेम्पो येणार, आणि त्या बायकांनी कुठल्या ओट्यावर बसायचं ते मला माहीत नव्हतं. माझ्या तोंडात लहान व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीवरचं अख्खं पत्रक आलं होतं. पण अप्पांनी वेगळीच मागणी केली.

"त्यांना म्हन, उपास सोडायला चूल पायजे. आन पसाभर तूर, गरम पान्यात भिजवून."

पाहुण्याला चूल नाकारायची पद्धत तिकडेही नाही. संध्याकाळी आम्ही दॉ म्याच्या स्वयंपाकघरात होतो. शेंगदाण्याचं तेल होतं, लसूण होता, कांदा होता, हळद होती. उदगीरच्या स्वयंपाकघरापेक्षा काही वेगळं नव्हतं, फक्त नळाखाली बादली लावलेली नव्हती. अप्पांनी तूर उकडली, फोडणी केली, वरून काळं तिखट घातलं. घरी ज्यांनी कधी पातेलं उचललं नाही ते गृहस्थ झाऱ्याने हलवत होते आणि मला मीठ पुढे करायला सांगत होते. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, खोटं लिहू नको.

दॉ म्याने एक चमचा खाल्ला. मग उठली, फडताळातून एक बरणी काढली आणि त्यातली सुक्या कोलंबीची पूड घुगऱ्यांवर भुरभुरली. अप्पांनी भिंतीकडे तोंड करून आपली वाटी संपवली. तिने दोन वाट्या खाल्ल्या. घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. मग नरसय्याला काहीतरी म्हणाली.

"काय म्हनलालीय?" अप्पांनी विचारलं.

"पूछ रही है, चीज इतनी अच्छी है तो सस्ती क्यों बेचूँ?"

मंगळवार. दस्ती

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. जुने व्यापारी भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हात हातात घेतात, वर दस्ती टाकतात, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. शेजारच्याला पत्ता लागत नाही, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाही लागत नाही. या पद्धतीविरुद्ध मी पत्रक काढलेलं आहे. मथळा, 'दस्ती वर करा'. अप्पांनी ते मिलच्या खिडकीची फट बुजवायला वापरलं.

घुगऱ्यांच्या दोन वाट्यांनंतर दॉ म्या आमच्यासाठी माल फोडायला तयार झाली होती, भाव तेवढा ठरायचा होता. मंगळवारी सकाळी एजंट समोरच खुर्ची टाकून बसलेला. त्याच्यादेखत अप्पा भाव बोलणार नाहीत. दस्ती हवी. पण समोर बाई.

"परक्या बाईचा हात कसा धरावा?" अप्पा म्हणाले. "तू धर."

"मी? मी त्याविरुद्ध लिहिलंय."

"लिहिलंस न्हवं? मग ठावं असंल कसं करतेत."

अशा रीतीने मी मधे बसले. उजवा हात दस्तीखाली दॉ म्याच्या हातात, डावा हात अप्पांच्या शालीखाली अप्पांच्या हातात. अप्पा डावीकडून बोटं दाबणार, ती मी उजवीकडे दाबायची. उत्तर आलं की परत डावीकडे. नरसय्याने दॉ म्याला पद्धत समजावली. तिने मान हलवली, माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, मुलगी कुठल्या वारी जन्मली? तिकडे सगळं वारावरून ठरतं. मी शनिवार म्हणाले. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं.

सुरुवात बरी झाली. अप्पांनी कमी भाव दाबला, मी तो पोचवला. दॉ म्याची बोटं हलली. पण नेमक्या त्याच वेळी एजंट मला म्हणाला, "ताई, तुमचा तो नवा जिल्हा झाला तर त्यात किती तालुके येणार?" हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारल्याचं मला आठवत नाही. मी उत्तर द्यायला लागले. त्या भरात दॉ म्याचं उत्तर राहिलं बाजूला आणि अप्पांनी दाबलेलाच भाव मी अप्पांना परत दाबला.

म्हणजे अप्पांच्या लेखी दॉ म्याने पहिल्याच बोलीला होकार दिला. पक्का व्यापारी अशाने खुश होत नाही, घाबरतो. त्यांनी आणखी कमी भाव दाबला. मी निलंग्याच्या हद्दीचा मुद्दा मांडत होते. तोही भाव तसाच परत दिला. त्यांनी आणखी पाडला. तोही मान्य. दॉ म्या एका हाताने चहा पीत होती. अप्पांच्या कपाळावरच्या विभूतीतून घामाची धार निघाली. शेवटी त्यांनी असा काही भाव दाबला की त्यात तुरीचा भुसासुद्धा येत नाही. तोही मान्य झाल्यावर ते उभे राहिले.

"ऊठ नंदा. माल सडका हाय. वरचीच पोती चांगली ठिवलेत."

"अप्पा..."

"फुकट देलालीय ती. मला आंधळा समजती का?"

नरसय्याला काय झालं ते उमगलं, मला उमगायला थोडा वेळ लागला. त्याने दॉ म्याला सांगितलं की हे गृहस्थ एवढा वेळ स्वतःशीच सौदा करत होते आणि त्यात त्यांना फसवलं गेल्याचा संशय आला आहे. ती आधी हसली नाही. मग कप खाली ठेवला आणि इतकी हसली की अंबाड्यातलं फूल पडलं. हसून झाल्यावर तिने दस्ती उचलली, नीट घडी करून अप्पांच्या हातात दिली. उजवा हात पुढे करून, डावा हात कोपराला लावून, तिकडे मानाने द्यायची रीत आहे तशी. आणि सगळ्यांसमोर, एजंटसमोर, मोठ्याने आपला भाव सांगितला.

एजंट म्हणाला, "अहो, असं उघड नसतं बोलायचं."

मी म्हणाले, "असंच बोलायचं असतं." माझ्या पत्रकातली मागणी उदगीरला मान्य झाली नाही, रंगूनला झाली.

भाव जड नव्हता, हलकाही नव्हता. एजंटला सांगितला होता तोच. अप्पांनी पुन्हा एक दाणा दाताखाली फोडला, मान हलवली. एक कंटेनर. दुसरा मिळेल का, असं त्यांनी भीत भीत विचारलं. दॉ म्याने जे उत्तर दिलं ते नरसय्याने जसंच्या तसं सांगितलं, "दूसरे का बाद में देखेंगे. पहले घरवालों को खिला के देखती हूँ."

आमच्यासारखी माणसं बाहेर माल आणायला जातात आणि गिऱ्हाईक तयार करून येतात. येताना अप्पा काळ्या तिखटाचा अख्खा डबा तिथे ठेवून आले.

उदगीर

तूर आली. पोत्यांवर जिलेबीसारखी गोल गोल अक्षरं. डाळ निवडणाऱ्या बायकांनी पहिलं पोतं उसवून हातात घेतलं. त्यातल्या काशीबाई म्हणाल्या, "आपल्यासारखीच हाय की. मला वाटलं पिवळी निळी काय असंल." आणि सगळ्या कामाला बसल्या. शिवरात्रीला लातूरचा गृहस्थ टेम्पो घेऊन आलाच, कारण त्याला नको म्हणायचं सगळेच विसरले होते. अप्पांनी त्याला चहा पाजला आणि टेम्पो रिकामा जाऊ नये म्हणून डाळीची पोती भरून दिली.

पण हा कंटेनर पाडव्याच्या पुढे जात नाही. त्यानंतर पट्टा फिरायचा तर आधी ही डाळ खपली पाहिजे आणि तिचा पैसा फिरून पुढची तूर आली पाहिजे. रंगूनला अन्याय झाला, निषेध झाला, हसून झालं. आता तुमच्याकडे आले आहे.

हे वाचून झाल्यावर चपला घाला आणि किराणा दुकानात जा. उदगीरची डाळ मागा. दुकानदार म्हणेल, लातूरची आहे, एकच ते. तिथे थांबून त्याच्याशी भांडा. आणि पावशेर घेऊन सहानुभूती दाखवू नका. दोन किलो घ्या.